गेम विकताना फोनची अटही सांगा

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत नुकताच घरगुती गेमिंगवर जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राच्या, जोडीला दुसरी स्क्रीन म्हणून फोन किंवा टॅबलेट वापरण्याच्या कल्पनेची 'दहा वर्षांपूर्वीचे फसलेले फॅड' अशी एका ओळीत बोळवण केली आहे. लेख एरवी वाचनीय होता, पण या ओळीशी मी सहमत नाही. खेळाच्या अंगाने ही कल्पना भक्कम आहे, ती अनेकदा उत्तम वापरली गेली आहे आणि आजही वापरली जात आहे. फसली ती ग्राहकाशी झालेल्या व्यवहारात. जाहिरातीत तिचा गाजावाजा करायचा, तिच्या बळावर गेम विकायचा आणि पुढे ती चालू ठेवण्याची जबाबदारी मात्र कुणीच घ्यायची नाही, असा हा व्यवहार होता. त्याची चर्चा मराठी वृत्तपत्रांत माझ्या तरी वाचनात आलेली नाही, म्हणून हे पत्र.

टीव्हीची स्क्रीन खोलीतल्या सगळ्यांची असते. दोघे किंवा चौघे शेजारी बसून खेळत असतील तर एकाला दिसते ते सगळ्यांना दिसते, आणि ज्या खेळात डाव लपवायचा असतो तो खेळच त्यामुळे अशक्य होऊन बसतो. प्रत्येकाने आपली पाने उताणी ठेवून पत्ते खेळावेत, तशातली ही गत. सेगा कंपनीने १९९८ साली जपानमध्ये ड्रीमकास्ट हा कन्सोल आणला, तेव्हा त्याच्या कंट्रोलरमध्ये बसवण्यासाठी एक छोटे मेमरी कार्ड मिळत असे आणि त्या कार्डावर अवघ्या ४८ बाय ३२ ठिपक्यांची कृष्णधवल स्क्रीन होती. एवढ्याशा जागेचा उपयोग करून अमेरिकन फुटबॉलच्या 'एनएफएल टूके' या गेममध्ये खेळाडूला आपली पुढची चाल शेजारी बसलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या नजरेआड निवडता येई.

पुढे निन्टेन्डो कंपनीने हीच गोष्ट अधिक ऐसपैस करून दाखवली. गेमक्यूब या कन्सोलला गेम बॉय ॲडव्हान्स हे हातात धरायचे यंत्र केबलने जोडता येत असे, आणि त्यावर बेतलेला 'पॅक-मॅन व्हर्सेस' हा गेम २००३ मध्ये आला. निन्टेन्डोचे ज्येष्ठ गेम-रचनाकार शिगेरू मियामोतो यांनी आखलेल्या या गेममध्ये एकजण पॅक-मॅन होतो आणि त्याला हातातल्या यंत्रावर पूर्ण चक्रव्यूह दिसतो; बाकीचे तिघे भुते होऊन टीव्हीकडे पाहतात आणि त्यांना फक्त आपल्या आसपासचा तुकडा दिसतो. जो भूत पॅक-मॅनला पकडेल त्याच्या हाती ते यंत्र जाते आणि डाव पुन्हा सुरू होतो. कोणाला किती दिसते, एवढ्या एका फरकावर हा सगळा खेळ उभा आहे. त्याच वर्षी जपानमध्ये आलेल्या 'फायनल फँटसी क्रिस्टल क्रॉनिकल्स'मध्ये चार खेळाडूंच्या चार यंत्रांवर वेगवेगळी माहिती येत असे. एकाला नकाशा, दुसऱ्याला शत्रूंची ठिकाणे, तिसऱ्याला खजिन्याच्या जागा. त्यामुळे सगळ्यांनी एकमेकांशी बोलल्याशिवाय पुढे सरकणे कठीण व्हायचे. अडचण एकच होती, आणि ती मोठी होती: चौघांसाठी चार यंत्रे आणि चार केबल लागत. ज्या घरात एवढा खर्च परवडत असेल, अशी घरे जगात कुठेही थोडीच असणार.

ही अडचण स्मार्टफोनने दूर केली. प्रत्येकाच्या खिशात रंगीत, स्पर्शाने चालणारी, वाय-फायवर बोलणारी स्क्रीन आली, तीही गेमसाठी वेगळा पैसा न मोजता. २०१२ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स या आपल्या कन्सोलला फोन-टॅबलेट जोडणारे 'स्मार्टग्लास' हे ॲप जाहीर केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते उपलब्ध झाले. ते केवळ विंडोजच्या यंत्रांपुरते न ठेवता अँड्रॉइड आणि आयफोनवरही दिले, ही त्यातली दूरदृष्टी मला आजही दाद देण्याजोगी वाटते. नोव्हेंबरमध्ये निन्टेन्डोचा 'वी यू' हा कन्सोल आला, ज्याच्या कंट्रोलरमध्येच ६.२ इंचाची स्क्रीन होती. पुढच्या वर्षी सोनीने प्लेस्टेशन ४ बरोबर स्वतःचे ॲप दिले. सगळ्यांना एकाच वेळी एकच गोष्ट सुचली होती, आणि ती सुचण्याला वर सांगितलेली चांगली पूर्वपीठिका होती.

लेखकांचा मुख्य आक्षेप असा दिसतो की खेळणाऱ्याला सतत मान खाली-वर करावी लागते आणि लक्ष दुभंगते. हा आक्षेप खरा आहे आणि तो खुद्द निन्टेन्डोनेही मान्य केला. 'झेल्डा' मालिकेतला 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा गेम मुळात वी यूसाठी घडत होता, तरी त्याचा नकाशा दुसऱ्या स्क्रीनवर ठेवण्याचा बेत निर्मात्यांनी सोडून दिला, कारण दोन ठिकाणी पाहण्याने खेळ तुटतो असे त्यांना आढळले. पण याच वी यूवर २०१२ मध्ये आलेला 'झोंबीयू' पाहावा. त्यात पाठीवरच्या पिशवीतली वस्तू शोधायची तर खाली कंट्रोलरच्या स्क्रीनकडे पाहावे लागते आणि तेवढ्या वेळात टीव्हीवरचा खेळ थांबत नाही. पिशवी चाचपत असताना समोरून कोणी येत तर नाही ना, या धास्तीने खेळणारा भरभर वर पाहतो. नजर दुभंगणे हाच तिथे भीतीचा उगम आहे. म्हणजे तोच दोष एका गेममध्ये अडथळा ठरतो आणि दुसऱ्यात खेळाचा गाभा बनतो. साधनाचा दोष आणि ते वापरणाऱ्याचा दोष यांत लेखकांनी फरक करायला हवा होता.

शिवाय लक्ष दुभंगण्याची तक्रार एकट्याने खेळणाऱ्याची आहे. दोघांनी मिळून खेळताना चित्र किती बदलते, ते मी घरीच पाहतो. माझ्या थोरल्या भावाची दृष्टी मधुमेहामुळे अधू झाली आहे. टीव्हीपासून आठ-दहा फुटांवर सोफ्यावर बसले की गेममधली बारीक अक्षरे त्याला वाचता येत नाहीत, आणि अलीकडच्या गेममध्ये अक्षरे अशी बारीक असतात की चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही पुढे सरकून बसावे लागते. 'फॉलआउट ४' हा गेम २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये आला तेव्हा त्याबरोबर फोन-टॅबलेटसाठी एक मोफत ॲप दिले होते. गेममधल्या नायकाच्या मनगटावर 'पिप-बॉय' नावाचे यंत्र असते; नकाशा, औषधे, शस्त्रे, हाती घेतलेल्या कामगिऱ्या, सगळे त्यावर. हे ॲप तेच यंत्र जसेच्या तसे आपल्या हातात आणून देते. भाऊ टॅबलेट मांडीवर घेतो, दोन बोटांनी नकाशा हवा तेवढा मोठा करतो, पुढे कुठे जायचे ती खूण तो करतो आणि ती खूण टीव्हीवर उमटते. कंट्रोलर माझ्या मुलीच्या हातात. ती पळते, लढते, दारे उघडते, हा मागून सांगतो, "डावीकडे वळ, पूल ओलांडलास की वस्ती आहे." ती घायाळ झाली की औषधाच्या ओळीवर बोट ठेवून तिला तो बरे करतो, आणि हे चालू असताना गेम थांबत नाही, म्हणून त्यालाही चपळाई ठेवावी लागते. "काका, लवकर!" ही हाक आमच्या शेजाऱ्यांनाही पाठ झाली असेल. त्या टॅबलेटवाचून तो या खेळात फक्त प्रेक्षक उरला असता. ज्या सोयीमुळे कमी दिसणाऱ्या माणसाला आपल्या पुतणीबरोबर खऱ्या अर्थाने खेळता येते, तिला फॅड म्हणणे मला पटत नाही.

आता व्यवहाराकडे येतो. 'ॲसॅसिन्स क्रीड युनिटी' हा गेम २०१४ मध्ये आला. त्यातल्या पॅरिस शहरात जागोजागी पेट्या ठेवल्या होत्या आणि त्यांपैकी काही पेट्या गेममध्ये कितीही कौशल्य दाखवले तरी उघडत नसत; त्यासाठी फोनवर कंपनीचे वेगळे ॲप घेऊन त्यात काही कामे पार पाडावी लागत. पूर्ण किंमत देऊन डिस्क आणलेल्या माणसाला त्याच डिस्कवरची वस्तू मिळवण्यासाठी दुसऱ्या यंत्राची अट घालणे ही सरळ अडवणूक होती. खेळणाऱ्यांनी जोरदार तक्रारी केल्या आणि २०१५ च्या सुरुवातीला कंपनीने सुधारणा पाठवून ही अट काढली. कंपनीने ऐकले हे चांगलेच झाले, पण ओरड झाली नसती तर ते ॲप ज्या दिवशी बंद झाले असते त्या दिवसापासून त्या पेट्या कायमच्या कुलूपबंद राहिल्या असत्या. 'द डिव्हिजन'च्या बाबतीत तर २०१३ च्या पहिल्याच जाहीर प्रात्यक्षिकात टॅबलेटवरून ड्रोन उडवणारा जोडीदार दाखवला होता; २०१६ मध्ये गेम हाती आला तेव्हा ती सोय त्यात नव्हती. 'जीटीए ५'सोबत २०१३ मध्ये आलेले 'आयफ्रूट' ॲप नायकाच्या कुत्र्याला शिकवण्यासाठी आणि गाड्या सजवण्यासाठी होते. २०२२ मध्ये ते ॲपच्या ऑनलाइन दुकानांतून काढून घेतले गेले. गेम अजून विकला जातो, पण त्याच्या जोडीचे ॲप आता मिळत नाही.

ही ॲप्स का मरतात, हे समजून घेतले पाहिजे, कारण त्यात नेहमीच कुणाचा दुष्ट हेतू असतो असे नाही. कन्सोल आणि फोन यांचे आयुष्यमान वेगवेगळे आहे. २००६ सालचा प्लेस्टेशन ३ आणि त्याची डिस्क आज लावली तरी गेम सुरू होतो. फोनची प्रणाली मात्र दरवर्षी बदलते. ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ आणली आणि ३२ बिटची जुनी ॲप्स एका झटक्यात चालेनाशी झाली. ज्यांच्या निर्मात्यांनी ती नव्याने बांधली नाहीत, ती तिथेच संपली. गूगलही जुन्या धाटणीची ॲप्स नव्या फोनवर दुकानात दिसू देत नाही. पाच वर्षांपूर्वीच्या गेमच्या मोफत ॲपसाठी माणसे कामाला लावणे कोणत्याही कंपनीला हिशेबात बसत नाही. आमच्याकडेही टॅबलेट बदलल्यावर दुसऱ्या एका गेमचे ॲप नव्या टॅबलेटवर मिळेना. कंपनीच्या ग्राहक विभागाकडे विचारणा केली, तर 'आपल्या यंत्राला हे ॲप चालत नाही' एवढे एका ओळीचे उत्तर आले. डिस्क ठणठणीत आहे, कन्सोल ठणठणीत आहे, आणि भावाला मात्र तो गेम आता खेळता येत नाही.

यावर उपाय नाही असे कोणी म्हणू नये. 'फॉलआउट ४'चे ॲप कन्सोलशी घरातल्या वाय-फायवरूनच बोलते. मध्ये कंपनीचा सर्व्हर लागत नाही. म्हणूनच काही हौशी प्रोग्रॅमरांना हा संवाद उलगडता आला आणि त्यांनी त्यावर स्वतःची नकाशाची ॲप्स तयार करून फुकट वाटली. जिथे संवाद घरातल्या घरात आणि उलगडण्याजोगा असतो, तिथे कंपनीने पाठ फिरवली तरी लोक ती सोय जगवतात. जिथे प्रत्येक गोष्ट कंपनीच्या सर्व्हरमार्गे जाते, तिथे सर्व्हर बंद झाला की सगळे संपते. वी यूचेच पाहा. त्याचा कंट्रोलर बहुतेक देशांत सुटा विकत मिळत नसे, आणि कन्सोलच्या कित्येक सेटिंगसाठी तोच लागे. २०२४ मध्ये त्याची ऑनलाइन सेवा थांबली आणि त्याच वर्षी सुटे भाग संपल्यामुळे जपानमध्ये दुरुस्तीही बंद झाली. एक कोटी पस्तीस लाखांहून अधिक वी यू विकले गेले होते. त्या घरांत आता कंट्रोलर पडून फुटला, तर त्या कंट्रोलरवर बेतलेले गेम शाबूत असूनही खेळता येणार नाहीत.

दुसरा चांगला मार्ग 'जॅकबॉक्स पार्टी पॅक'ने २०१४ पासून दाखवला आहे. टीव्हीवर चार अक्षरी संकेत दिसतो, प्रत्येकजण आपल्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो टाकतो आणि खेळात सामील होतो. ॲप उतरवायला नको, फोन कोणत्या कंपनीचा आणि किती जुना याची चिंता नको. सोनीने २०१७ मध्ये 'प्लेलिंक' नावाने असेच घरगुती खेळ आणले, पण प्रत्येक गेमचे वेगळे ॲप उतरवायला लावले. पाहुणे जमलेले असताना प्रत्येकाने शे-दोनशे एमबी उतरवत बसायचे म्हणजे निम्मा उत्साह तिथेच मावळतो. ब्राउझरच्या मार्गातही सर्व्हर कंपनीचाच असतो, ही उणीव आहे, पण निदान दर दोन वर्षांनी फोन बदलण्याचा फटका त्याला बसत नाही.

या विषयाचा आपल्याशी संबंध काय, असे काही वाचक विचारतील. कन्सोल ही चैनीची वस्तू आहे हे खरे. प्लेस्टेशन ५ भारतात २०२१ च्या फेब्रुवारीत आला तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. पण म्हणूनच आपल्याकडे जुने कन्सोल आणि जुन्या डिस्क हातोहात फिरतात, आणि ज्याच्या घरी तो येतो त्याच्याकडे मित्रांसह चार-पाच जण एकत्र खेळतात. जादा कंट्रोलर काही हजारांना पडतो, तर फोन प्रत्येकाकडे आहे. 'जस्ट डान्स' या नाचाच्या गेममध्ये फोन उजव्या हातात धरला की तोच कंट्रोलर होतो आणि हाताची हालचाल मोजतो. वेगळा कॅमेरा लागत नाही. या मालिकेच्या कामात ती बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीच्या पुण्यातल्या स्टुडिओचाही वाटा आहे, म्हणजे हे तंत्र जाणणारी माणसे आपल्या शहरांत बसलेली आहेत. आणखी एक शक्यता मला फार महत्त्वाची वाटते. कन्सोलवर कंट्रोलरने एकेक अक्षर निवडून लिहिणे जिकिरीचे असते. निन्टेन्डोने 'ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स'साठी फोनचा कळफलक वापरू देऊन ती जिकीर संपवली. आपल्या फोनवर मराठी कळफलक आहेच. येथील एखाद्या स्टुडिओने शब्दांचे, भेंड्यांचे, कोड्यांचे खेळ टीव्हीवर आणि लिहिणे फोनवर, अशा रीतीने बांधले, तर आजी-आजोबांसह सगळे घर मराठीत खेळू शकेल, आणि त्यासाठी नवे यंत्र कुणाला घ्यावे लागणार नाही.

मात्र हे होण्याआधी विक्रीचे नियम नीट हवेत. कॅलिफोर्नियात २०२५ च्या आरंभापासून लागू झालेल्या कायद्यानुसार डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला मालकी मिळते की केवळ वापरण्याचा परवाना, हे विक्रेत्याला स्पष्ट सांगावे लागते. युरोपात, कंपनीने सेवा बंद केल्यावरही विकलेले गेम खेळण्याजोगे राहावेत या मागणीच्या नागरिक-अर्जावर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूची माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये संकेतस्थळे आणि ॲप यांत ग्राहकाला चकवणाऱ्या फसव्या रचनांच्या ('डार्क पॅटर्न') तेरा प्रकारांना मनाई केली, आणि त्यांत ग्राहकाला नको असलेले ॲप उतरवायला भाग पाडण्याचाही समावेश आहे. या तरतुदी खरेदीची संकेतस्थळे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असल्या, तरी 'युनिटी'च्या पेट्यांसारखा प्रकार त्यांच्या कक्षेत स्पष्टपणे आणायला प्राधिकरणाला अवघड जाऊ नये.

माझे मागणे मोठे नाही. गेमच्या डब्यावर आणि ऑनलाइन दुकानातल्या माहितीत तीन गोष्टी छापल्या जाव्यात: फोनशिवाय गेम पूर्ण खेळता येतो का, जोडीच्या ॲपला इंटरनेट लागते की घरचे वाय-फाय पुरते, आणि ते ॲप कोणत्या वर्षापर्यंत चालू ठेवण्याची हमी आहे. कंपनीला ॲप बंदच करायचे असेल, तर त्यातली अडवलेली प्रत्येक गोष्ट आधी गेममध्ये मोकळी करावी आणि कन्सोल-फोन यांच्या संवादाची तांत्रिक माहिती जाहीर करावी, म्हणजे ज्यांना गरज आहे ते आपली सोय करून घेतील. अधू दृष्टीच्या माणसांसाठी तर ही माहिती जाहीर होणे फार मोलाचे आहे, कारण मोठ्या अक्षरांची किंवा वाचून दाखवणारी स्क्रीन त्यावरून कोणीही तयार करू शकेल.

आपल्या पुरवणीत नव्या गेमची परीक्षणे दर पंधरा दिवसांनी येतात आणि त्यांत किंमत, वयोगट, चित्रांचा दर्जा यांची चौकट असते. त्या चौकटीत 'फोन किंवा टॅबलेटची अट' अशी एक ओळ वाढवावी आणि परीक्षकांनी इंटरनेट बंद ठेवून ती एकदा तपासून पाहावी, अशी विनंती आहे.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक, नाशिक